'धूर घराबाहेर' लिहिलेली भिंत

हे मी कुणाजवळ बोललेली नाही. आईजवळ नाही, दादाजवळ नाही, आमच्या गटातल्या एकाही मुलीजवळ नाही. आणि बोलणं हेच तर माझं काम आहे! चौकात बोलते, आठवडी बाजारात बोलते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून घसा फाटेस्तोवर बोलते. एवढं एक सोडून सगळं बोलले.

पत्रक लिहायला बसणाऱ्या मुलींना मी एकच गोष्ट ओरडून शिकवते: 'मारहाण झाली' असं लिहू नका. झाली म्हणजे काय, आभाळातून पडली? कोणी केली ते लिहा. नाव लिहा. पहिल्या ओळीत लिहा. आणि बघा, इथं दुसरा परिच्छेद संपत आला तरी माझं नाव आलेलं नाही. मी प्रणाली. आता चिमणीपासून सुरू करते. का, तर तिथून सुरू करणं सोपं आहे.

चिमणी म्हणजे ती, शेगडीच्या वर टांगतात ती, धूर ओढून घेणारी. आमच्या घरी ती आणायची वेळ आली कारण शेगडी बदलली. माझी वहिनी, छायावहिनी, डबे करते. आमचं गाव तुमसरजवळ. दादा रोज मोटारसायकलनं वरठीला कारखान्यात जातो आणि जाताना हँडलला दोन्हीकडे पिशव्या लटकवून तिथल्या कामगारांचे डबे नेतो. डबे वाढले, दोन बर्नरची शेगडी पुरेना, म्हणून चार बर्नरची आणली. जाड जाळीची, मोठ्या आगीची. जुन्या शेगडीला खिडकी पुरत होती. नवीवर पहिल्याच दिवशी मिरचीची फोडणी पडली आणि घरभर जो ठसका उठला — आई अंगणात जाऊन ओकली.

चिमणी कशी पाहिजे, हे घरात एकट्या वहिनीला कळत होतं. तिनं शेगडी वितीनं मोजली. मोठ्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण ठेवलं, झाकणावर हात उभा धरला, आपल्या कपाळाशी ताडून पाहिलं. इतकी वर की डोकं आपटू नये, इतकी खाली की वाफ निसटू नये. म्हणाली, "शेगडी तीन फुटाची हाये तं चिमणी तीन फुटाचीच पाहिजे. नाही तं कडच्या बर्नरचा धूर का उडी मारून जाईन तिच्यात?" तुमसरच्या दुकानदारानंही मला हेच सांगितलं. वर हेही सांगितलं — "पाइपवालीच न्या ताई. बिनपाइपची, कोळशाच्या जाळीवाली, ते चहा करनाऱ्यायच्या घरची हाये. तुमच्या इथं तर्री होते. भिंत फोडा, पाइप बाहेर काढा."

भिंत फोडा.

आता ती भिंत कुठली, ते सांगते. स्वयंपाकघराची ती भिंत रस्त्यावर येते. तिच्यावर बाहेरून आमच्या गटानं घोषणा रंगवली आहे — निळ्या जमिनीवर पांढरी, दोन ओळींत, हातभर उंच अक्षरं: 'धूर घराबाहेर, बाईचा श्वास मोकळा'. चुलीच्या, शेगडीच्या धुरानं बायकांची छाती सडते, त्याविरुद्ध आमची मोहीम. ती घोषणा माझी. शिडी मी धरली होती. गटाची पहिली भिंत! कुणीही पाहुणं आलं की तिच्यासमोर फोटो काढतं. मिस्त्रीनं आतून माप घेतलं, बाहेर येऊन खडूनं गोल काढला. तो गोल बरोबर 'घराबाहेर' या शब्दावर आला.

हसलात? हसा. मला तेव्हा हसू आलं नाही. मला राग आला. त्या गोलाचा, मिस्त्रीचा, वहिनीचा. माझ्या अक्षरांतून तेलकट पाइप बाहेर येणार, घोषणेवर काळे ओघळ येणार, आणि फोटोत ते दिसणार. मी घरात गेले आणि आई-दादासमोर सरळ खोटं बोलले. म्हटलं, दुकानदार म्हणतो जुनी भिंत आहे, भोक पाडलं तर खचेल. बिनपाइपचीही तितकीच चालते, उलट नवीन तंत्र आहे. दादानं मान हलवली. शिकलेली बहीण बोलून राहिली ना! वहिनी माझ्याकडे पाहत राहिली. आता कळतं, तिनं दुकानात स्वतः फोन लावला असणार. बिनपाइपची त्या दुकानात दोन फुटांचीच होती. मी तीच उचलून आणली. दोन फुटांची चिमणी, तीन फुटांच्या शेगडीवर!

त्या चिमणीनं काय केलं? मधला धूर वर ओढायचा, कोळशाच्या जाळीतून फिरवायचा आणि वरच्या फटीतून परत वहिनीच्या तोंडावर फेकायचा. कडेच्या दोन बर्नरचा धूर तर तिच्यापर्यंत जातच नव्हता. पंधरा दिवसांत जाळी तेलानं चोंदली. वहिनी पदर तोंडाला बांधून पोळ्या लाटायची. रात्री भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकू यायचा — आणि मी अलीकडे बसून बायकांच्या फुप्फुसांवर पत्रक लिहायची. हे मी रंगवून सांगत नाही. शब्दशः असंच होतं.

त्या दिवशी सकाळी आमच्या गटाच्या पाच-सहा जणी समोरच्या खोलीत बसल्या होत्या, सानगडीच्या सभेचं ठरवायला. आई शेतावर, दादा कामावर. आत वहिनी तलावातले मासे तळत होती, शेजारी पोळ्यांचा पसारा. धूर आतून असा सुटला की समोरच्या सगळ्या जणी खोकायला लागल्या. कुणीतरी म्हटलं, "प्रणाली, तुझ्याच घरी वो?" सगळ्या हसल्या. माझ्या कानशिलावर कुणी हाणल्यासारखं झालं.

मी आत गेले. म्हटलं, दार लावून घेता येत नाही का?

वहिनी डोळे पुसत म्हणाली, "दार लावलं तं मी मरन ना ताई अंदर. हे तुमची चिमणी धूर खाते आन् माह्याच तोंडावर ओकते."

मी म्हटलं, हळू बोल.

"काहून हळू? सांगू का बाहेर तुमच्या बायायले, भिंत काहून नाही फोडू देल्ली ते? भिंत खचते म्हणे! अक्षरं खचत होते तुमचे."

आणि मी मारलं. हाताला जे लागलं ते उचललं आणि मारलं. तो सराटा होता, मासे उलटवायचा, लोखंडी, कढईतला. तिच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, जिथं कातडी सगळ्यात पातळ असते तिथं. च्यर्र असा आवाज आला. माशाचा येतो तसाच, काही वेगळा नाही. तिनं हात ओढून घेतला, पण सराट्याला चिकटलेलं जे होतं ते तिथंच राहिलं. ती किंचाळली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणाला मला अजून एक मारावासा वाटला. तिच्या तोंडावर. त्या तोंडातून ते वाक्य पुन्हा निघू नये म्हणून.

बाहेरून पावलं आली. मी सराटा कढईत टाकला, दारात गेले आणि म्हणाले, "वहिनीवर तेल उडालं."

किती सहज निघालं! एकाही मुलीनं शंका घेतली नाही. हळहळल्या, चिडल्या, सरकारला शिव्या दिल्या. मग कुणीतरी पाण्याचा गंज घेऊन धावली. आणि मी — ऐका — मी तिला थांबवलं. म्हटलं, एक मिनिट, फोटो काढून घेऊ. पत्रकाला लागेल. पाण्यानं नीट दिसणार नाही.

आधी फोटो. मग पाणी.

वहिनीनं हात उजेडात धरला. माझ्याकडे पाहून म्हणाली, "काढा. चांगला काढा ताई. मेहनत तुमचीच हाये."

बाकीच्यांना वाटलं, ती मोहिमेबद्दल बोलते. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी आईनं विचारलं, "कसं भाजलं वो तुले?" वहिनी म्हणाली, "तेल उडालं ना आई." दादालाही तेच सांगितलं, तुमसरच्या डॉक्टरलाही तेच. का? ते मी तिला कधी विचारलं नाही. माझ्यासाठी तर नक्कीच नाही. तिनं माझं नाव वाचवलं असं कुणी म्हणेल, तर ते म्हणू नका. ती या घरात राहते, डबे करते, तिला उद्याही याच ओट्यापाशी उभं राहायचं आहे. अशा बाईला खरं बोलायची किती सोय असते, यावर माझी तीन पत्रकं आहेत.

चौथ्या पत्रकावर तो हात छापला. वर मोठ्या अक्षरात, 'हा हात पाहा'. खाली मी लिहिलं — धुरानं डोळे भरलेल्या बाईला उकळतं तेल दिसत नाही. बाजारात वाटलं. गावोगावी अंगणवाडीच्या भिंतींवर चिकटवलं. लोक पत्रक घडी करून खिशात ठेवत होते. इतकं चांगलं माझं एकही पत्रक निघालं नव्हतं.

सानगडीच्या सभेत पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं ते डोळ्यांजवळ धरून पाहिलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "हे तेल नोहे वो माय. तेलाचे शितोडे पडतेत, फोडं येतेत. हे तं सरळ रेघ हाये." आजूबाजूच्या सगळ्या जणी रोज कढईपाशी उभ्या राहणाऱ्या. त्यांनी पत्रकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात माइक होता. मी म्हटलं, "आजी, तुमच्या काळात घाण्याचं तेल होतं, आताच्या तेलाचा डाग असाच पडतो." आणि घोषणा दिली. त्यांनी जोरात साथ दिली. म्हातारीनं नाही दिली. तिनं पत्रक माझ्या पायाजवळ ठेवलं आणि निघून गेली.

हाताची जखम सुकल्यावर वहिनीनं एक दिवस मिस्त्रीला बोलावलं. मी साकोलीला गेले होते. परत आले तर छन्नी-हातोड्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. 'घराबाहेर'मधला 'बा' फुटून खाली पडला होता, निळ्या-पांढऱ्या खपल्या रस्त्यावर विखुरल्या होत्या. मला वाटलं, हातोडा हिसकावून घ्यावा. कशासाठी हिसकावणार होते ते मला माहीत आहे, म्हणून हात मागे बांधून उभी राहिले. जुनी चिमणी तिनं काढून टाकली, तीन फुटांची, पाइपवाली बसवली. आईनं भिंतीवर थाप मारून पाहिली. म्हणाली, "भिंत तं पडली नाही वो." कुणाकडेही न पाहता म्हणाली.

आता धूर बाहेर जातो. पाइपातून तेलाचा काळा ओघळ घोषणेवर उतरतो, 'श्वास'पर्यंत पोचला आहे. वहिनी रात्री खोकत नाही. ती माझ्याशी बोलते — चहा घ्या, जेवण झालं, दार लावा, एवढं. पोळी लाटताना बाही वर सरकते आणि ती रेघ दिसते. ती बाही खाली ओढत नाही.

एवढ्यावर थांबणार होते. पण मी वर लिहिलं आहे — हाताला जे लागलं ते उचललं. हे वाक्य मी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं आहे की लिहितानाही तेच निघालं.

ओट्यावर, माझ्या हाताशी, लाटणं होतं. माझी बोटं त्याला लागली होती. मी ते सोडलं. सराटा पलीकडे होता, उकळत्या तेलात. त्याच्यासाठी मला वहिनीच्या पुढून हात लांबवावा लागला.