सरांनी निवडलेला सांधा

"शरीराले विचारलं काय?"

सरांचा हा प्रश्न वाशीमच्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात ठरलेला होता. कोणी म्हणालं, "सर, स्टील मजबूत आहे, हाडात तेच बसवू," की सर मान तिरपी करून चष्म्यावरून पाहायचे आणि हे विचारायचे.

मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. शरीरात बसवायचे स्क्रू, दांडे, सांधे कशापासून बनवतात, हा विषय ते शिकवत. नोकरीच्या मुलाखतीत त्यातलं कोणी काही विचारत नाही, म्हणून वर्गात सात-आठच विद्यार्थी. तुम्ही सरांची तयारी पाहिली असती तर वाटलं असतं, सत्तर जण बसले आहेत. टायटॅनियमचा स्क्रू ते प्रत्येकाच्या तळहातावर ठेवत. केनवडच्या एका मुलीनं तो हुंगला. सर खूश होऊन म्हणाले, "वास नाही ना? म्हणून तर शरीर त्याले घरात घेते!"

हा विषय त्यांच्या घरातही होता. तेरा वर्षांपूर्वी काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, रिठदच्या शेतात बांधावरून पडल्या आणि खुबा मोडला. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "सर, तुम्ही यातले जाणकार. कोणता सांधा बसवू?" सरांनी दोन दिवस वाचून एक सांगितला.

मागच्या वर्षी काकूंची मांडी दुखायला लागली. त्याच आठवड्यात सरांनी वर्गाच्या खिडकीवर एक एक्स-रे चिकटवला. कोपऱ्यातल्या नावावर कागदाची पट्टी होती. सांध्यातलं प्लास्टिक झिजतं, त्याच्या कणांशी झगडता झगडता शरीर स्वतःचंच हाड खातं आणि सांधा सैल होतो, असं सर समजावत होते. आवाज नेहमीचाच होता. बोट मात्र पुन्हा पुन्हा त्या कागदाच्या पट्टीकडे जात होतं.

केनवडच्या मुलीनं विचारलं, "सर, मग चूक कोणाची?"

सरांनी एक्स-रे खिडकीवरून काढला. "निवडणाऱ्याची," म्हणाले, आणि तास अर्ध्यातच सोडला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काकू पलंगावर, सर पायाशी. काकू त्यांना म्हणत होत्या, "काहून मनाले लावून घेता? बारा वर्षं चालली ना मी त्याच्यावर. पोरीच्या लग्नात नाचली!"

सरांनी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली.

अकोल्याला सांधा बदलला. जखम चिघळली. विसाव्या दिवशी काकू गेल्या.

राख सावडताना सांध्याचा धातूचा दांडा हाती लागला. सरांच्या भावानं विचारलं, "हे ठेवतं काय घरी?"

"हा नवा हाय," सर म्हणाले. "जुना पाहिजे मले."

तेरवीनंतर ते एकटेच अकोल्याला जाऊन आले. मी वाशीम स्टेशनवर मोटरसायकल घेऊन थांबलो होतो. सर रिकाम्या हातानं उतरले.

"भेटला काय, सर?"

"कचऱ्यात गेला म्हणतात. तवाच मागायले पाहिजे होता."

पुढं ते वर्गावर आलेच नाहीत. यंदा यादीतून विषयही गेला. माझ्या डोळ्यांपुढे राहिली आहे ती स्टेशनवरून परतलो ती संध्याकाळ. त्यांना दाराशी सोडलं. आधी काकू घरात असायच्या, नंतर तेरवीपर्यंत पाहुणे, त्यामुळे कुलूप उघडायची वेळ सरांवर कधी आली नसावी. किल्ली कोणत्या बाजूनं फिरवायची, ते त्यांना कळेना. मी उतरून पुढे झालो, तर पाठमोऱ्यानंच त्यांनी हातानं मला थांबवलं.