करार होईपर्यंत उजवी सीट

समजा, आता थोडा वेळ विमानाच्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या सीटवर तुम्ही बसला आहात. एप्रिलची दुपार आहे. मुंबईहून सुटलेलं छोटं, पंख्यांचं विमान दौलताबादचा किल्ला मागे टाकून शहराकडे येतंय. वारा पश्चिमेचा, म्हणून सरळ उतरता येत नाही. शहर उजव्या हाताला ठेवून शेंद्र्यापर्यंत पुढे जायचं आणि वळून वाऱ्याला तोंड देत परत यायचं. खाली हर्सूलचा तलाव दिसतो, म्हणजे तलावाची भेगाळलेली जागा दिसते. पलीकडे नव्या वसाहती, आणि प्रत्येक गच्चीवर काळ्या टाक्या. वळलात की चिकलठाण्याची धावपट्टी समोर येते आणि खरं काम सुरू होतं. तापलेली जमीन हवा वर ढकलत असते, त्यामुळे विमान खाली बसायलाच तयार नसतं. नाक दाबलं तर वेग वाढतो. इंजिनाचा जोर एकदम कमी केला तर ते धपकन खाली येतं. दोन्हींच्या मध्ये, बोटांच्या टोकांनी, थोडं थोडं सांभाळत तुम्ही चाकं टेकवता. मागे बसलेल्यांना कळतही नाही.

डावीकडचे कॅप्टन मान डोलावतात. प्रवाशांना सांगितलेलं नाव मात्र त्यांचंच असतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात रूपा खरात हे काम रोजच्यासारखं करत होती. कॅप्टन व्हायला लागणारे उड्डाणाचे तास तिचे कधीच भरले होते, परीक्षाही झाल्या होत्या. तरी ती उजव्याच सीटवर होती, कारण करार व्हायचा होता.

रूपा उस्मानपुऱ्यातली. वडील कडुबा चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर होते, आई पारूबाई घर सांभाळायची. बारावीनंतर रूपाने वैमानिक व्हायचं ठरवलं तेव्हा घरात कुणी विमानतळाच्या फाटकाच्या आतही गेलेलं नव्हतं. शिष्यवृत्ती मिळाली, त्यासाठी कडुबांनी मुंबईच्या चकरा मारल्या, आणि एका छोट्या विमान कंपनीत ती लागली. त्याच दिवशी समर्थनगरचा मंदारही लागला. एकाच गावचे दोघे, म्हणून मैत्री झाली. एका दिवशी रुजू झालेल्यांमध्ये वयाने मोठा तो वरचा, अशी पद्धत. रूपा मंदारहून काही महिन्यांनी मोठी, म्हणून सेवाज्येष्ठतेत ती वर आणि लगेच खाली मंदार.

मग मोठ्या कंपनीने छोटी कंपनी विकत घेतली. विमानांवरचं जुनं नाव आठवड्यात पुसलं गेलं. टाय बदलले, टोप्या बदलल्या. पण दोन कंपन्यांचे वैमानिक एका कॉकपिटमध्ये बसत नव्हते. त्यांचे पगार, सुट्ट्या, बदल्यांचे नियम वेगळे होते, आणि मुख्य म्हणजे दोन रांगांची एक रांग कशी करायची हे ठरलं नव्हतं. तोवर नवा कॅप्टन करायचा नाही, असा व्यवस्थापनाचा हुकूम होता. दोन्हीकडच्या वैमानिकांनी मिळून युनियनची समिती केली. छोट्या कंपनीकडून मंदार त्या समितीवर निवडून आला. बोलणी सुरू झाली ती दीड वर्ष झालं तरी संपेनात.

कडुबांना याचं नवल नव्हतं. त्यांच्या कारखान्यातही दर तीन वर्षांनी करार व्हायचा आणि त्याचं निम्मं आयुष्य बोलण्यातच जायचं. ते म्हणायचे, "सह्या झाल्याबिगर पेढे आणायचे नायत."

गल्लीला एवढा धीर नव्हता. शेजारच्या भामाबाई रूपाला दारातच गाठायच्या.

"इमान तूच उतरवती ना?"

"व्हय, मावशी."

"मग त्यो डावीकडचा कशाला बसतो, तिकिटं फाडायला?"

रूपा हसायची. पण घरात येऊन टोपी खुंटीला अडकवताना तिचं हसू गेलेलं असायचं.

मे महिन्यात मंदार आई-वडिलांना भेटायला गावी आला आणि सरळ उस्मानपुऱ्यात रूपाच्या घरी गेला. आल्या आल्या त्याने पाणी मागितलं, मग ओशाळून म्हणाला, राहू दे. टंचाईच्या त्या दिवसांत पाणी मागताना लोक ओशाळत. पारूबाईंनी तांब्याच पुढे ठेवला.

बातमी अशी होती की मसुदा जवळजवळ ठरला होता. सक्तीच्या बदल्या होणार नव्हत्या, विश्रांतीचे तास वाढणार होते. बदल्यात समितीला एक गोष्ट सोडावी लागणार होती. छोट्या कंपनीत ज्येष्ठता रुजू झालेल्या दिवसापासून मोजत. मोठ्या कंपनीत प्रशिक्षण संपून पहिलं स्वतंत्र काम मिळालेल्या दिवसापासून. आता सगळ्यांना मोठ्या कंपनीचा नियम लागणार होता.

दोघांनाही एकच गोष्ट आठवत होती.

छोट्या कंपनीचं सिम्युलेटरचं प्रशिक्षण परदेशात व्हायचं आणि त्याच्या पाळ्या नव्या वैमानिकांना ज्येष्ठतेप्रमाणे मिळायच्या. पण त्या पाळ्या आपसांत बदलून घ्यायची तिथे रीतच होती. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण. प्रशिक्षण विभागाला तोंडी सांगितलं की झालं, कारण ज्येष्ठतेला त्याने धक्का लागत नसे. मंदारच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी परत यायला मिळावं म्हणून त्याने रूपाची पाळी मागितली आणि तिने दिली. तो वेळेत परतला, वडील बरे झाले. बदल्यात रूपाला मिळालेली पाळी मात्र कंपनीने पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. अख्खा पावसाळा ती बॅग भरून बसून होती. त्याच पावसाळ्यात मोठ्या कंपनीची एक भली मोठी तुकडी कामाला लागली. नव्या नियमाने ती सगळी तुकडी आता रूपाच्या वर जाणार होती, आणि त्या तुकडीच्याही वर मंदार. पहिल्या फेरीत जे कॅप्टन होणार होते त्यांत मंदार बसत होता. रूपाला आणखी काही वर्षं उजव्या सीटवर काढावी लागणार होती.

मंदारने उपाय शोधून आणला होता. पाळी बदलून दिलेल्यांसाठी मसुद्यात अपवादाची एक ओळ घालता येईल, तो समितीत बोलेल.

"मला अपवाद नको, मंदार," रूपा म्हणाली. "उद्या मी डावीकडे बसले की लोक म्हणतील, हिला सवलत मिळाली. हा शब्द मी शाळेपासून ऐकतेय. ते नियमावरच बोलू दे."

"नियमावर बोललो तर मसुदा परत उघडेल. पोरं दीड वर्ष थांबलीयत, मला खातील."

"मग मतदानात हरू दे. पण कुणी विचारलंच नाही, असं नको."

मंदार उठून चपला घालू लागला. रुजू झालेला दिवस धरला तर रांग पुन्हा बदलून पहिल्या फेरीतून तो बाहेर पडण्याची शक्यता होती. हे तो बोलला नाही आणि रूपानेही काढलं नाही. तो गेल्यावर कडुबा एवढंच म्हणाले, पोरगा वाईट नाही, पण त्याला घाम फुटला होता.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत पारूबाईंनी विषय काढला. गल्लीत हंड्यांची रांग लागायची. हंडा ठेवला की नंबर लागला, बाईने मग खुशाल घरी जाऊन भाकरी टाकावी. टँकर आल्यावर मागची बाई पुढच्या गैरहजर बाईचा हंडाही सरकवत न्यायची. रूपाने सगळं समजावून सांगितल्यावर पारूबाईंनी विचारलं, "म्हंजी तुझा हंडा जाग्यावरच व्हता?"

"हो. पण आता म्हणतात, हंडा कधी ठेवला ते नाही, पाणी कधी भरलं ते बघायचं."

"असं व्हय? मग टँकर उशिरा आला, ती बी बाईचीच चूक म्हना की."

पुढच्या बाया हसल्या. रूपाही हसली, आणि त्याच आठवड्यात युनियनच्या सभेला मुंबईला गेली.

सभेत वातावरण घाईचं होतं. बहुतेकांना आजच हात वर करून मोकळं व्हायचं होतं. रूपा उभी राहिली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, मॅडम, आता नको ना. तिने तरी तारखेच्या कलमावर हरकत घेतली. अध्यक्षांनी विचारलं, याचा फटका बसलेला दुसरा कुणी आहे का? तेवढ्यात व्यासपीठावरचा मंदार उठला.

"माझी तारीख आधीची आहे, कारण ती हिच्या पाळीवर मिळालेली आहे. माझ्या घरी अडचण होती, हिने पाळी दिली. आपल्याकडे असे बरेच जण आहेत. मला कॅप्टन व्हायचंय, पण हे न सांगता नाही."

मग छोट्या कंपनीतले एक-एक उठून बोलू लागले. सभा लांबली, काही जण चिडून निघून गेले. शेवटी असं ठरलं की बाकी मसुदा मंजूर, तारखेचं कलम व्यवस्थापनाकडे परत. ते कलम निकाली निघाल्यावरच करार पक्का व्हायचा होता आणि डावी सीट त्यानंतर. लिफ्टपाशी एक ज्युनिअर मुलगा रूपाला म्हणाला, तुमच्यामुळे आम्ही अजून लटकलो. तिने ते ऐकून घेतलं. त्याचं चूक आहे असं तिला वाटलं नाही.

मंदार आणि ती एकाच विमानाने गावी परतले, दोघे प्रवासी म्हणून, शेजारी शेजारी. तो खिडकीला कपाळ टेकून झोपला. तिने त्याला उठवलं नाही.

व्यवस्थापनाचा एक अधिकारी पुढे युनियनला भेटायला आला, तेव्हा समितीबरोबर रूपालाही बोलावलं होतं. त्याने सौम्यपणे समजावलं की स्वतंत्र काम सुरू होण्याआधीचा काळ कंपनीच्या दृष्टीने सेवेत मोडत नाही. रूपाने त्याला एकच गोष्ट विचारली. तो म्हणाला, याचं उत्तर अंतिम मसुद्यात मिळेल. ते वर्ष संपत आलं तरी अंतिम मसुदा आलेला नाही. रूपा उजव्या सीटवरून विमान उतरवतेय, उतरवून झाल्यावर डावीकडची मान डोलताना बघतेय, आणि तिला उत्तर हवंय ते एवढ्याचंच: कंपनीने थांब म्हटलं म्हणून मी थांबले, तर तो पावसाळा मी कुणाच्या नोकरीत होते?