दोनच पायऱ्या राहिल्या होत्या

अशा गोष्टींवर हसणाऱ्यांपैकी मी. या ग्रुपवरचे गूढ अनुभव वाचून मनात म्हणायचो — काय फेकतात लोक! आता तुम्ही माझ्यावर हसा.

आम्ही मूळ नागपूरचे, राहतो भोपाळला, बाग सेवनियात, तळमजल्यावर. माझं काम डिजिटल ट्विनचं — म्हणजे पेशंटच्या हृदयाची कॉम्प्युटरमधली चालती नक्कल. छातीवरच्या पट्टीतून ठोके येतात, त्याबरहुकूम नक्कल धडधडते. "आगे हर मरीज़ का ट्विन होगा," आमचे सर सारखे सांगतात. हार्ट अटॅकनंतर आईलाही मीच या प्रयोगात घेतलं. डॉक्टरांनी तिला जिना चढायची सक्त मनाई केली होती.

आणि एका दुपारी स्क्रीनवर आईचा ट्विन जिना चढायला लागला! वाढते ठोके, लागलेला दम... जिना चढणाऱ्या माणसाचं दिसतं, सगळं तसंच. मी भडकलो. घरी फोन लावला.

"आई गच्चीवर गेली ना? कुरडया घातल्यात का वाळत?"

"काहीतरीच काय अहो! झोपल्यात त्या," बायको म्हणाली. "पट्टी आंघोळीला काढली, ती अजून चार्जिंगलाच आहे."

मग हे ठोके येत होते कुठून?

"पुराना डेटा रिपीट हो रहा है यार," शेजारच्या टेबलावरचा इमरान म्हणाला. पण पट्टी लावल्यापासून आई जिना चढलीच नव्हती, जुना डेटा येणार कुठला? तेवढ्यात ते ठोके अडखळायला लागले. मी घाबरून पॉज दाबला.

लगेच बायकोचा फोन. रडत होती. "आई दचकून उठल्यात... श्वासच घेता येत नाहीये हो त्यांना!"

का कोण जाणे, मी पॉज काढला. पलीकडे आईने मोठ्ठा श्वास घेतलेला मला ऐकू आला. मग तिनेच फोन हिसकावला. चिडलेली होती.

"काय रे, मध्येच कशाला थांबवलंस मला? दोनच पायऱ्या राहिल्या होत्या!"

पॉजचं मी कुणालाही बोललो नव्हतो हो.

दवाखान्यात नेलं. सगळं नॉर्मल. "स्वप्न पडलं असेल," डॉक्टर म्हणाले. असेल बुवा.

आता प्रयोग संपलाय. सरांचा मेसेज आला — "माताजी का ट्विन डिलीट कर दो." आई या क्षणी बिट्टन मार्केटचे मटार सोलत बसलीये आणि चहा गार होतोय म्हणून माझ्यावर ओरडतेय. याचा उलगडा मला आजही झालेला नाही. कुणाला होत असेल तर सांगा, चेष्टा केलीत तरी चालेल.

सरांना मी "कर दिया" म्हणून थाप मारलीये. ट्विन चालूच आहे. नुसत्या पॉजने तिचा श्वास अडकला होता... डिलीट दाबायला माझा हातच होत नाही.