ग्रायंडरचं बटण

परतूरला स्टेशनच्या रस्त्यावर राजानंद आणि बेबीनंदाचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, टाकीचे स्टँड, असली कामं तिथं होतात. लग्नानंतर काही वर्षं बेबीनंदा कापूस वेचायला जायची. कंबर धरायला लागली तेव्हा राजानंदनं तिला दुकानात बसवलं, आणि नुसती बसून ती कंटाळली तेव्हा तिच्या हातात लोखंड घासायचा ग्रायंडर दिला. वेल्डिंग त्याचं, घासकाम तिचं. तिनं घासलेल्या जोडावरून बोट फिरवलं तर जोड कुठं आहे ते कळत नसे.

शिकवताना राजानंद कडक होता. चष्म्याशिवाय तो तिला मशीनला हात लावू देत नसे. ग्रायंडरचं बटण पुढं ढकलून दाबलं की तिथंच अडकून राहतं आणि बोट उचललं तरी मशीन फिरत राहतं. लांबलचक कामाला ते सोयीचं. पण मशीन खाली ठेवण्याआधी बटण सोडवायचं, हे त्यानं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

उन्हाळ्यात एका विहाराच्या गेटचं काम आलं. बेबीनंदा गेट घासत होती आणि लाइट गेली. मशीन तिच्या हातातच थांबलं. तेवढ्यात लेकीचा, संध्याचा फोन आला. ती संभाजीनगरला नर्सिंग शिकते. बेबीनंदानं ग्रायंडर स्टुलावर ठेवला, चकती झिजल्याचं नवऱ्याला सांगितलं आणि फोन घेऊन मागच्या खोलीत गेली. बटण अडकलेलंच राहिलं.

लाइट येईपर्यंत चकती बदलून घ्यावी म्हणून राजानंदनं ग्रायंडर मांडीवर घेतला. प्लग भिंतीत तसाच होता. डाव्या हातानं चकती घट्ट धरून तो पान्यानं नट सैल करायला लागला, आणि लाइट आली.

ती धावत बाहेर आली तेव्हा त्यानं हात पोटाशी दाबून धरला होता आणि मशीन जमिनीवर गरगरत नाचत होतं. तिनं आधी प्लग उपटला. मग मशीन उचललं, तेव्हा अंगठ्याखाली अडकलेलं बटण लागलं.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं ते विचारलं. राजानंद म्हणाला, "मशीन उचलताना माझ्याकडूनच बटण दाबल्या गेलं असंल." बेबीनंदा त्याच्या शेजारीच उभी होती. आधी ऑपरेशन होऊ द्यावं, मग सांगू, असं तिनं ठरवलं. ऑपरेशन झालं. डाव्या हाताची तर्जनी वाचली, पण शीर तुटल्यामुळं ती आता पुरती वाकणार नाही असं डॉक्टर म्हणाले. मग तिला वाटलं, घरी गेल्यावर सांगू.

घरी माणसं भेटायला यायला लागली. राजानंदचा थोरला भाऊ तातेराव रोज यायचा आणि रोज तेच बोलायचा: इतक्या वर्षांचा कारागीर, आणि चालू बटणाचं मशीन मांडीवर घेतो म्हणजे काय. राजानंद मान खाली घालून ऐकायचा. बेबीनंदा चहा ठेवायच्या निमित्तानं आत जायची आणि चहा उतू जाईपर्यंत तिथंच उभी राहायची.

टाके निघाले तरी राजानंद मशीनजवळ जाईना. घरातला पंखा बंद केला का, गॅस बंद केला का, हे तो तिला परत परत विचारायचा. आपलं डोकं जाग्यावर नाही, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. एक दिवस तातेराव मशिनरी बघायला अप्पाराव नावाच्या गिऱ्हाइकाला घेऊन आला. दुकान विकून राजानंदनं जालन्याच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागायचं, हे दोघा भावांनी परस्पर ठरवलं होतं.

अप्पाराव ग्रायंडर हातात घेऊन बटण दाबून बघत होता.

"ते बटण मी अडकवून ठेवल्तं," बेबीनंदा म्हणाली. "ह्यांनी न्हाई. लाइट गेली, फोन आला, आन् मी तसंच ठिवून आत गेल्ते. मला तवाच कळलं होतं."

तातेरावनं तोंड उघडलं, तसा राजानंदनं त्याला हातानंच थांबवलं. मशिनं विकायची नाहीत म्हणून अप्पारावला सांगितलं. मग चपला घालून तो रस्त्यानं चालू लागला.

परत आला तेव्हा बेबीनंदा दुकानाच्या पायरीवर बसलेली होती. तोही बसला, थोडं अंतर ठेवून.

"बटण तू सोडलं न्हाईस, ते चुकलं," तो म्हणाला. "प्लग मी काढला न्हाई, ते बी चुकलं. चकतीला हात लावायच्या आधी प्लग काढायचा, हे मीच तुला शिकवल्तं. त्याचं मी तुला काही म्हणून न्हाई राह्यलो." तो थांबला. "पण दादा मला रोज येडं ठरवत होता, आन् तू चहा करत होतीस."

चुकले, एवढंच ती म्हणाली. त्याला ते ऐकू गेलं की नाही, तिला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात विहाराचं गेट पुरं झालं. डाव्या हाताचं बोट नीट वाकत नाही, म्हणून आता वेल्डिंग करताना बेबीनंदा त्याला जोड धरून देते. चकती बदलायची असली की दोघंही प्लग काढून वायर खांद्यावर टाकतात, मगच पान्याला हात लावतात. संध्या सुट्टीत आली तेव्हा तिला हे बघून हसू आलं. आईबाप हसले नाहीत.

राजानंद तिच्याशी बोलतो, जेवताना तिच्यासाठी थांबतो. पण तिनं ग्रायंडर खाली ठेवला की तो हातातलं काम सोडून येतो आणि स्वतःच्या अंगठ्यानं बटण चाचपून बघतो. ते बरोबरच आहे, हे बेबीनंदाला पटतं. त्याचं बघून होईपर्यंत ती चष्मा पुसत उभी राहते.