आर्वेलाआत्याचा दगड

केंटकीतल्या आमच्या खोऱ्यात आर्वेला स्टिडमला लहानथोर सगळे आत्याच म्हणतात. आत्या महाचिकट. बटाटे भाजलेला चंदेरी कागद धुऊन दोरीवर वाळत घालते. सरकारी मदतीवर जगते आणि त्यातूनही उरवते. तेच तिच्या अंगाशी आलं. मदत कार्यालयातून फोन आला: एक तारखेला दोन हजार डॉलरच्या वर शिल्लक दिसली, तर मदत बंद. त्याबरोबर इन्सुलिन फुकट मिळायचं ते कार्डही.

"म्हणजे उधळ्यांना देतात आणि जपून वागणाऱ्यांचं काढून घेतात?" आत्या माझ्यावरच खेकसली. जसा काही कायदा मीच केला होता.

"आत्या, सातशेच तर जास्त आहेत. कर की खर्च!"

"कशावर?"

मी तिला दुकानात नेलं. अख्खी दुपार फिरून तिने बुटांचा एक जोड घेतला आणि संध्याकाळी चावतात म्हणून परत केला. मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी कार्यालयातल्या बाईंनीच मार्ग सुचवला: स्वतःच्या थडग्याचा दगड घेऊन ठेवला, तर तो शिल्लकीत धरत नाहीत. दगडवाल्या वर्लिनकडे नवराबायको दोघांची नावं मावतील असा एक ऐसपैस जोडदगड पडून होता. त्यावर गळ टाकून बसलेला ढेरपोट्या माणूस कोरलेला, म्हणून कुणी घेत नव्हतं. आत्याने जन्मात मासा धरला नव्हता, पण दगड निम्म्या किमतीत मिळत होता.

"नाव पूर्ण घालू ना?" वर्लिनने विचारलं.

"अक्षराला किती?"

"आठ डॉलर."

"मग नुसतं 'ए. स्टिडम' घाल."

"जन्माचं साल?"

"बाईचं वय चारचौघांत काढतात का रे?"

"शेजारी ऑर्बीकाकांचंही घालू?"

"ते बघू पुढे."

ऑर्बी म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी थडग्याच्या डोक्याशी पुरताना लावलेली पत्र्याची पट्टीच होती, तीही गंजलेली. वर्लिनने दगड चर्चच्या आवारात, त्याच्या थडग्याशेजारी रोवला.

रविवारी चर्चला आलेल्यांनी ताजी माती पाहिली, दगडावरचं नाव पाहिलं. दुपारी आत्याने दार उघडलं तर अंगणात निम्मं खोरं, हातात दुखवट्याच्या घरी नेतात तशी तळलेली कोंबडी, घेवड्याचे ट्रे, मोहरी लावलेली अंडी. सगळ्यात पुढे ब्रदर हर्शेल, आमचे पाद्री, जाडजूड पाकीट घेऊन.

"आत्या!" ते किंचाळलेच.

"मीच. ओरडताय काय? ट्रे आत आणा, गार होतोय."

पाकिटात तिच्या अंत्यविधीची वर्गणी होती. ती परत घ्यायला कुणी तयार होईना. दुसऱ्या दिवशी एकतीस तारीख. कार्यालयातल्या बाई फोनवर म्हणाल्या, या पैशांपायी मदतीला थोडी कात्री लागेलच, पण आज रात्रीपर्यंत ते उरले तर सगळंच बंद.

"बुटांचं दुकान उघडं असेल," मी म्हटलं.

आत्याने पाकीट काखेत मारलं. "गाडी वर्लिनकडे घे," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं मला त्या पत्र्याची लाज वाटतेय. आणि गळ टाकून बसायचा तोच. तसाच ढेरपोट्या होता."

वर्लिनने पेन्सिल कानावरून काढली. "ओ. स्टिडम?"

"काटकसर करतोस माझ्या नवऱ्याच्या नावात? ऑर्बी डेलबर्ट स्टिडम लिही. जन्मला कधी, गेला कधी, सगळं. खाली लिही, मासे आणायचा, पण साफ कधी केले नाहीत. लिही, घोरायचा. लिही, आता त्या घोरण्यावाचून मला झोप येत नाही."

सांगता सांगता ती रडायला लागली, तरी थांबेना. वर्लिनने मान वर केली.

"आत्या, दगड भरला."

आत्याने पाकिटात डोकावून पाहिलं आणि नाक पुसलं.

"मग मागच्या बाजूने लिही."