सुभा आणि वतन

सासरे नारायण पेठेतून शहराबाहेर मांजरीला आमच्याकडे राहायला आले आणि आठवड्याच्या आत माझ्या मिसळणाच्या डब्यात हळदीने मोहरीची जागा घेतली. पेठेतली इमारत पुनर्विकासासाठी पाडली होती, पण तिथल्या दाराची किल्ली अजून त्यांच्या जानव्याला होती. दारच नाही तर किल्ली कशाला, हे विचारायची आमच्यापैकी कोणाची टाप नव्हती.

हळद पुन्हा हलली तेव्हा मी म्हणाले, "बाबा, स्वयंपाकघरावर आता आपला सुभा."

जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला असं काही म्हणू नये. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सुभा म्हणजे मोगलांचा प्रांत. शब्द अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला. बादशहा सुभेदार पाठवतो आणि तो रुजायच्या आत त्याची बदली करतो. पिढ्यानपिढ्या चालतं ते वतन. शब्द नीट वापरत जा."

"म्हणजे हळद जागेवर येईल?"

"बदली होईपर्यंत नाही."

मी हसले. दुपारी त्यांच्या खोलीत इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले, तर कपाट रिकामं. सगळे शर्ट बॅगेत, घडी घालून. फिरून आल्यावर ते बेल वाजवून पाहुण्यासारखे मागे सरकून उभे राहायचे, तेही आत्ता कुठे लक्षात आलं. सुभेदार बदलीच्या तयारीत बसला होता.

मी शर्ट कपाटात लावले आणि बाहेर येऊन सांगितलं, "बाबा, सुभेदारी रद्द. आजपासून वतन."

"वतनाला सनद लागते," पेपरातून मान वर न करता ते म्हणाले. "तोंडी चालत नाही."

मी लॅचची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "शिक्का नाही," म्हणाले, आणि ती घेऊन खोलीत गेले. मग नेहमीसारखे फिरायला गेले.

संध्याकाळी बेल वाजली नाही, पण दाराशी बराच वेळ खुडबुड चालली होती. मी पीपहोलमधून पाहिलं. नवी किल्ली जानव्याला बांधल्यामुळे ते शर्टाची बटणं सोडून कुलपापुढे वाकले होते. दार उघडायचा मोह मी आवरला. शेवटी ते आत आले आणि माझ्याकडे न पाहता थेट स्वयंपाकघरात गेले. डब्याचं झाकण वाजलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिकामी बॅग माळ्यावर टाकायला माझ्याकडे दिली. उचलताना आत काहीतरी खुळखुळलं. नारायण पेठेची किल्ली होती.