वाडीत कोण राहतं?

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातली मोठी म्हणाली, "आजी, माझी ॲप्लिकेशनची गडबड चाललीय, पण ते तुला नाही कळायचं." तेव्हा मी विषय बदलला. पण मला ते कळतं गं. तुमच्या तिकडचं नसेल, इथलं कळतं. तळासरीजवळच्या उधवा गावातल्या एका मुलीचा पदव्युत्तर शिक्षणाचा अर्ज आपल्या जेवणाच्या टेबलावर तयार झाला आहे. तू तुझा अर्ज पाठवण्याआधी ही गोष्ट तुम्हा दोघांना कळावी, म्हणून आज लिहायला बसले. सावकाश वाचा. अडलं तर बाबाला विचारा.

आपल्या घरामागे चिकूची वाडी आहे, ती तुम्ही पाहिली आहे. तिथे चिकू उतरवायला तळासरीकडून बायका टेम्पोने येतात. त्यांतली एक जण एकदा मुलीला घेऊन फाटकाशी उभी राहिली. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती.

"बाई, तुम्ही इंग्रजी शिकवायच्या ना? हिला बंगळूरला शिकायला जायचंय. तिथं इंग्रजीत लिहून मागतात."

"काय शिकायचंय?" मी मुलीला विचारलं.

"किडे," ती म्हणाली. मग घाईने दुरुस्त केलं, "कीटकशास्त्र."

चिकूच्या बीमध्ये एक अळी शिरते आणि बी आतून पोखरते. वरून फळ चांगलं दिसतं. ही मुलगी दर रविवारी आईबरोबर यायची आणि बोर्डी ते झाई या पट्ट्यातल्या चार वाड्यांमध्ये झाडाखाली पडलेले चिकू कापून आत अळी आहे का ते बघायची. कॉलेजने सांगितलं म्हणून नव्हे. तिला बघायचं होतं म्हणून. चिकू उतरवणाऱ्या बायका तिची थट्टा करायच्या. "खात नाय, नुसती कापते! लग्न झालं तर नवऱ्याचंपण पोट कापून बघशील!"

"अळी असली तर बघीन," ती म्हणायची.

घरून तिला एकच संधी होती. वडिलांनी सांगितलं होतं, यंदा निवड झाली तर जा; नाही झाली तर उंबरगावच्या कंपनीत पॅकिंगला लाग. तिच्या दोन मैत्रिणी तिथे लागल्याही होत्या. वडील कठोर नव्हते. वर्षभर घरी बसवून ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं, इतकंच.

अर्जाबरोबर स्वतःविषयी दोन पानं लिहून द्यायची होती. तिचं पहिलं वाक्य होतं, लहानपणापासून मला विज्ञानाची अतिशय आवड आहे. मी ते खोडलं.

"का बाई? चुकलं?"

"व्याकरण बरोबर आहे. पण हे वाक्य सगळ्यांचं आहे. तुझं कुठलं?"

ती नखं कुरतडत बसली. तेव्हा मी माझी जुनी पद्धत काढली. शाळेत निबंध लिहिताना मुलं अडली की मी त्यांना आधी मराठीत बोलायला लावत असे. "पेन खाली ठेव. पहिला किडका चिकू कापलास, त्या दिवसाचं मला सांग." ती बोलायला लागली ती थांबेचना. आजोबा चहा ठेवून गेले, चहावर साय आली, तरी ती बोलत होती. मी म्हटलं, "हेच लिही. याच क्रमाने."

वाद झाला एका शब्दावरून. तिने इंग्रजीतही सगळीकडे 'वाडी' असंच लिहिलं होतं. मी म्हटलं, ऑर्चर्ड लिही. तिने मान हलवली.

"ऑर्चर्ड म्हटलं की सफरचंदं येतात डोळ्यांपुढे, बाई. वाडी म्हणजे वाडी. खाली ओल असते, नारळाची सावली असते, पडलेली फळं कोणी उचलत नाही. अळी तिथेच तर वाढते."

मला ते पटलं. 'वाडी' राहिली.

पुढच्या टप्प्यासाठी निवड झाली. मुलाखत ऑनलाइन होती. त्यांच्या पाड्यात नेटवर्क टिकत नाही, म्हणून ती आपल्याकडे, तुमच्या बाबाच्या जुन्या खोलीत बसली. मी स्वयंपाकघरात, कान तिकडे. आजोबा फाटकावर पहाऱ्याला, कारण नेमकी तीच वेळ झाईच्या मासेवालीची असते आणि तिची हाक स्टेशनपर्यंत जाते. ती आली. आजोबांनी तोंडावर बोट ठेवलं.

"काय झालं शेठ? कोण गेलं काय?"

"परीक्षा आहे आत."

"मग टोपलीतलं सगळं घ्या, मी गप जाते."

त्यांनी सगळं घेतलं. त्या दिवशी आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोंबील वाटले.

आत मुलाखत इंग्रजीत चालली होती; मी मराठीत सांगते. मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी एक बाई मराठी असाव्यात, घाटावरच्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही चार वाड्यांमध्ये काम केलंत. तिथली लोकसंख्या किती? लोकांनी सहकार्य केलं का?"

माझ्या हातातलं झाकण हातातच राहिलं. घाटावर वाडी म्हणजे छोटी वस्ती, हे मला माहीत होतं, पण तिला? ती गोंधळली तर ते समजणार, हिने हे काम केलेलंच नाही. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तिथे माझं काही काम नव्हतं.

मग तिचा आवाज आला, अगदी सावकाश. "मॅडम, आमच्याकडे माणसं पाड्यात राहतात. मी पण पाड्यात राहते. वाडीत चिकू राहतात. लोकसंख्या खूप आहे, पण सहकार्य करत नाहीत."

पलीकडे तिघंही हसले. त्या बाई म्हणाल्या, "मी सोलापूरची. आमच्या वाडीत माणसं राहतात. आता मला तुमची वाडी दाखवा." मग मुलीने शब्दांनी त्यांना वाडी दाखवली: वाळलेली पानं, ओल, कुठल्या झाडाखाली किडकी फळं जास्त आणि का, आणि याचं कारण तिला अजून नीट कळलेलं नाही, हेसुद्धा. ते ऐकताना माझी मान ताठ झाली. यातलं एकही वाक्य मी तिला शिकवलेलं नव्हतं.

निकाल लागला तेव्हा मायलेकी दोघी आल्या. निवड झाली होती. एम.एस्सी. आणि त्याला जोडून पीएच.डी. आईने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "म्हणजे ही डॉक्टर होणार?"

"होईल, पाचसहा वर्षांत."

"तवर माझा गुडघा कोण बघणार?"

"आये, मी किड्यांची डॉक्टर होणार," मुलगी म्हणाली.

"मग काय उपयोग!" असं म्हणत आईने तिला जवळ ओढलं. मग फाटकाबाहेर जाऊन, टेम्पोत बसलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "लागली गं! बंगळूरला लागली!" टेम्पोतून एकच गलका उठला. ड्रायव्हरने उगीचच हॉर्न वाजवला.

शाळेत मी कितीतरी मुलांना पहिल्या वर्गात पास झालेलं पाहिलं. पण या मुलीच्या वेळी वाटला तेवढा अभिमान मला क्वचितच वाटला असेल. मोठे, तूही तुझी दोन पानं एकदा मला वाचून दाखव. पहिलं वाक्य मी बहुतेक खोडीन, रागावू नकोस.

ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या मागोमाग तळासरीकडच्या आणखी मुली येऊ लागल्या. शनिवारी दुपारी त्या आपल्या ओट्यावर बसतात, आधी मराठीत बोलतात आणि मग इंग्रजीत लिहितात. मला शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण माझा वर्ग अजून भरतो.